पस्तीस मिनिटं

४ मार्च

आई,

तुझं पत्र ताईने पाठवलं, ते मिळालं. फोन मी उचलत नाही म्हणून तू लिहिलंस, बरं केलंस. यापुढेही लिहूनच पाठव. फोनवर तू रडायला लागतेस आणि मला सांगायचं ते राहून जातं.

तुझं म्हणणं मला समजलं. माझी रजा तीस एप्रिलला संपते. एक मेपासून मी कामावर जाणार, मग बाळाला दिवसभर कोण बघणार? तुला ताईकडून परत इथे यायचं आहे. 'बिनआईचं लेकरू परक्याच्या हातात देणार का?' असं तू विचारलं आहेस. याचं उत्तर मी तीस एप्रिलच्या आत देईन. आज देत नाही.

बाळाची आई गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुझी बॅग भरली आणि तुला ताईच्या गाडीत बसवलं. का, ते तेव्हा सांगितलं नाही. घरात माणसं होती. आता थोडं थोडं सांगतो.

संध्याकाळी मी घरी आलो की तू दारातच मला आधी बाळाची झोप सांगायचीस, म्हणून तीही लिहितो. आज सकाळी आठ चाळीस ते नऊ चौदा. अकरा पाच ते अकरा एकेचाळीस. दुपारी एक पन्नास ते दोन पंचवीस. संध्याकाळी पाच ते साडेपाच.

म्हणजे पस्तीस मिनिटंच. तिच्या हातून झोपायचा तेव्हाही एवढाच झोपायचा. तू म्हणायचीस, 'हात बदलला की बघ कसा झोपतो.' हात बदलून आता चार आठवडे होत आले.


११ मार्च

आई,

आज बाळाला लस द्यायला नेलं होतं. लस देणाऱ्या सिस्टर वयाने तुझ्याएवढ्याच असतील. एका हाताने कार्डावर लिहितात आणि दुसऱ्या हाताने रडणाऱ्या पोराचा पाय धरून ठेवतात. मी त्यांना विचारलं.

"दिवसा सलग झोपतच नाही. पस्तीस मिनिटं झाली की उठतो."

"किती वेळा झोपतो दिवसातून?"

"चार. कधी पाच."

"उठल्यावर रडतो?"

"एकटा असला तर थोडा. उचललं की पंख्याकडे बघत बसतो."

"मग तक्रार त्याची आहे का तुमची?"

मागे रांगेतल्या बायका हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो. झोप फेऱ्याफेऱ्यांची असते. एक फेरी संपली की आपण मोठी माणसं कूस बदलतो आणि पुढच्या फेरीत शिरतो. मध्ये जाग आलेली आपल्याला आठवतही नाही. एवढ्याशा बाळाची दिवसाची फेरी अर्ध्या-पाऊण तासाची. ती संपली की ते वर येतं, आणि पुन्हा खाली कसं जायचं ते त्याला अजून येत नाही. पाच-सहा महिन्यांनंतर यायला लागतं. कोणाला थोडं उशिरा येतं.

मी विचारलं, "आईच्या दुधाचा किंवा हाताचा काही संबंध?"

"आईचा काय संबंध? डोळे चोळायला लागला की लगेच आडवा करा. पडदा ओढा. फार दमू देऊ नका. एवढं करूनही पस्तीस मिनिटं झोपला तर तेवढीच त्याची झोप. त्याची आई काळजी करत असेल तर तिलाही हेच सांगा."

मी सांगितलं की ती नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बाळाचं कार्ड मागितलं. त्यांना अजून पंधरा पोरं होती.

तू काय म्हणायचीस ते तुला आठवत असेलच. 'झाली महाराजांची डुलकी,' असं म्हणून तू बाळाकडे नाही, तिच्याकडे बघायचीस. 'माझा हा तीन-तीन तास झोपायचा. एकला खाली ठेवला की चारपर्यंत दगड. आईच्या जिवाला थारा असेल तर लेकराला झोप लागते. हिचं चित्त घरात असेल तर ना.' कवळ्या बनवायचं तिचं काम सुटून सात महिने झाले होते, तरी तू म्हणायचीस की हिचा जीव त्या दातांत अडकलाय.

नियमही तूच घातलास. झोपवेल त्यानेच उचलायचं, म्हणजे लेकराला दोन हातांची चटक लागत नाही. आणि रडला तरी तास भरल्याशिवाय दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्या चार महिन्यांत तू दिवसा त्याला एकदाही उचललं नाहीस. 'मला काय, मी उचलेन. पण मग तुला कधी यायचं?' असं तिला ऐकवायचीस.

मी बाजूला होतो असं नाही. माझं काम तुला माहीत आहे. पाणी शुद्धीकरण केंद्रात दर अर्ध्या तासाला टाकीतलं पाणी काढायचं, गढूळपणा आणि क्लोरीन मोजायचं, वहीत लिहायचं. आकडा चुकला की कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असतं, ते शोधून काढायचं. बावीस वर्षं मी हेच करतो आहे. बाळाच्या झोपेचा आकडा तू चुकलेला ठरवलास आणि मी बिघाड शोधायला लागलो. तिला वही मीच आणून दिली. रकानेही मीच आखले. खाली ठेवल्याची वेळ, उठल्याची वेळ, कारण. पाळण्यावर कॅमेराही मीच लावला. दोन नोंदींच्या मध्ये मला फोनवर खोली दिसायची.

हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.


१९ मार्च

आई,

रविवारी मावशी येऊन गेली. बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ते उठलं तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं आणि सवयीने म्हणालो, "तेहतीस." मावशी म्हणाली, "काय तेहतीस?" मी सांगितलं. मग सहज म्हणालो की मी म्हणे तीन तास झोपायचो.

मावशी आधी हसली. "तू? कोणी सांगितलं तुला?"

"आईने."

"तिला काय ठाऊक? ती होती कुठे घरी?"

मग तिची जीभ अडखळली. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा स्वभाव तुला माहीत आहे. आणि मी गप्प बसलो की समोरचं माणूस बोलत राहतं, हा माझा.

तिने सांगितलं ते असं. तू धुलाईच्या कारखान्यात दवाखान्यांच्या चादरींना इस्त्री करायचीस. दुपारी एक ते चार. बाबा बाहेरगावी. मला पाळण्यात ठेवून, बाहेरून कुलूप लावून जायचीस. मावशी भिंतीच्या पलीकडे राहायची. किल्ली तिला देत नव्हतीस. 'तू जाऊन उचलशील आणि त्याची सवय बिघडवशील,' असं म्हणायचीस.

"अरे, अर्ध्या तासात तुझा भोंगा सुरू व्हायचा," मावशी म्हणाली. "मी भिंतीवर टकटक करायचे. मग तू जरा थांबायचास. पुन्हा सुरू. तीन वाजले की आवाज बसायचा. थकून झोपायचास रे. ती चारला कुलूप काढायची तेव्हा गाढ. मला म्हणायची, बघ, ठेवला तसा आहे."

मी मावशीला चहा करून दिला. ती दोनदा म्हणाली, "तिला सांगू नकोस हं मी बोलले म्हणून." मी सांगणार नाही असं म्हटलं नाही.

तू जातानाही झोपलेला बघितलास आणि येतानाही झोपलेला बघितलास. मधले तीन तास तू झोपेत धरलेस. केंद्रात असं कोणी केलं, एकची नोंद घेतली आणि चारची घेतली आणि मधल्या सगळ्या ओळी त्याच आकड्याने भरल्या, तर त्याला घरी पाठवतात.

त्या तीन तासांनी तू तिला चार महिने मोजलंस.


२ एप्रिल

आई,

तुझं पत्र वाचलं. ताईलाही तू ते वाचून दाखवलंस असं ती म्हणाली. 'मी काय मजेने कुलूप लावत होते?' असं तू विचारलं आहेस. नाही. घरात दुसरं माणूस नव्हतं आणि काम सोडता येत नव्हतं. ते मला मान्य आहे. पाळण्यात रडल्याने माझं काही बिघडलं असेल तर ते मला माहीत नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

तू पुढे लिहिलं आहेस, 'तुझी बायको फार हळवी होती, साधं बोललेलं तिला लागायचं, त्याला मी काय करू?' म्हणून वहीतलं थोडं लिहितो. ती वही मी परवा काढली.

पहिल्या दोन आठवड्यांत कारणाच्या रकान्यात तिने असं लिहिलं आहे: 'दार वाजलं.' 'तोंडावर ऊन आलं.' 'मला शिंक आली, माफी असावी.' 'साहेबांची दुसरीकडे मीटिंग होती.' एकदा लिहिलंय, 'याला विचारलं. सांगत नाही.' मी ते तेव्हा वाचलं होतं आणि तिला म्हणालो होतो की चेष्टा नको, नीट लिही. मग तिने नीट लिहिलं. 'पोट भरलं नसेल.' 'दूध कमी.' 'मी घाईने ठेवलं.' डिसेंबरच्या मध्यापासून त्या रकान्यात एकच अक्षर आहे. 'मी.' पुढच्या ओळीत पुन्हा 'मी.' दिवसातून चार-पाच वेळा, पान संपेपर्यंत, आणि पुढची पानंही तशीच. फेब्रुवारीच्या पाच तारखेपर्यंत.

मी ती वही दर रविवारी तपासत होतो. आकड्यांचा रकाना बघायचो. कारणाचा बघत नव्हतो, कारण तिथे आता चेष्टा नव्हती.

आता दुसरी गोष्ट. काल दुपारी बाळ एक चाळीसला झोपलं. सव्वादोनला मी नेहमीप्रमाणे दाराशी जाऊन उभा राहिलो. त्याने हात वर केला, तोंड वाकडं केलं, मान या बाजूची त्या बाजूला केली. आणि झोपून राहिलं. मला वाटलं काही झालं. नाकाखाली बोट धरलं. श्वास नीट होता. दोन पन्नासला उठलं. एक तास दहा मिनिटं. आज पुन्हा सव्वा तास.

मी काही केलं नाही. पडदा तोच, पाळणा तोच. सिस्टर म्हणाल्या होत्या तसं त्याला आपलं आपण जमलं. परवा त्याला सहा महिने होतील. तिला आणखी आठ आठवडे काढायचे होते.


१४ एप्रिल

आई,

आता तू मवाळ लिहितेस. 'चुकलं असेल माझं, पण तिला काही मी गाडीखाली ढकललं नाही,' असं लिहिलं आहेस. हे खरं आहे. त्या दिवसाचं मी तुला पूर्ण सांगितलेलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही.

सहा फेब्रुवारीला तिने त्याला अकरा वाजता झोपवलं. बाळाचं तापाचं औषध संपलं होतं. औषधाचं दुकान रस्त्यापलीकडे, जायला सात मिनिटं, यायला सात मिनिटं. तू घरात होतीस. दुसऱ्या कोणत्याही घरात बाई अशा वेळी सावकाश जाऊन येते. ती धावत गेली. त्या महिन्यांत ती सगळीकडे धावतच जायची, खालची वाणसामानवाली तिला 'एक्स्प्रेस' म्हणायची. दुकानात गर्दी होती, वेळ गेला.

साडेअकराची नोंद करून मी फोन उघडला होता. अकरा बत्तीसला बाळाने पाय हलवले. अकरा चौतीसला ते रडायला लागलं. तू खिडकीशी खुर्चीवर बसून धुतलेले मोजे जोडीने लावत होतीस. तू आधी घड्याळाकडे बघितलंस. मग पुढचा मोजा घेतलास.

मी तुला फोन करू शकलो असतो. तुझा फोन तुझ्या शेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर होता, मला दिसत होता. मी तिला केला.

"उठलाय तो."

"आले, रस्त्यातच आहे. आई आहेत ना?"

"आई नाही उचलणार. माहीत आहे ना तुला? किती वेळ लावतेस?"

"आले, आले."

ती धापा टाकत बोलत होती. मी फोन ठेवला नाही. मला ती पोचेपर्यंत ठेवायचा नव्हता, म्हणजे ती थांबणार नाही. "धाव जरा," असं मी म्हणालो. मग आवाज आला. सामान पोचवणारी छोटी गाडी होती, वेगही फार नव्हता असं पोलीस म्हणाले. त्यांनी विचारलं, शेवटचा फोन कोणाचा? मी सांगितलं, माझा, रोज या वेळी करतो. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं नाही.

बाळाला तू बारा एकवीसला उचललंस. शेजारीण दार वाजवायला आली तेव्हा. सत्तेचाळीस मिनिटं. ते चित्रण माझ्याकडे आहे.

त्यानंतर ताईने तुला दोष दिला, मावशीने दिला, तिच्या भावाने तर तुझ्या तोंडावर दिला. 'जवळ बसून म्हातारीने पोराला हात लावला नाही, म्हणून माझी बहीण पळत होती.' तू पदराने डोळे पुसत बसलीस. मी तिथेच होतो. काही बोललो नाही. चौथ्या दिवशी तुझी बॅग भरली, आणि माझ्याकडे बघून सगळ्यांना वाटलं की बिचारा, आईलासुद्धा सोडलं याने बायकोसाठी.


२८ एप्रिल

आई,

माझ्या मागच्या पत्रावर तू रागावशील असं मला वाटलं होतं. तू दोनच ओळी लिहिल्यास. 'झालं ते दोघांच्या हातून झालं. आता दोघं मिळून त्याला वाढवू.' आणि उत्तराची वाट न बघता शनिवारी आलीस.

मी घरातच होतो. तुला वाटलं असेल, झोपलो असेन. दाराच्या भिंगातून मी तुला जिना चढताना बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तू घंटी वाजवली नाहीस. बाळाची झोपायची वेळ आहे हे ओळखून पायरीवर बसलीस, पिशवी मांडीवर घेऊन. चष्मा पुसलास. वरच्या मजल्यावरचा माणूस खाली उतरताना म्हणाला, "आजी, दार वाजवू का?" तू ओठांवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "नको. आमचे महाराज झोपलेत."

तासभर तू तशीच बसलीस आणि तासभर मी आत उभा राहिलो. दार उघडायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. माझा हात कडीवर होता.

तीन वीसला बाळ उठलं. आधी नुसतं कुरकुरलं, मग रडायला लागलं. तू उभी राहिलीस. मी आहे हे तुला कळलं होतं की काय, माहीत नाही. तू दाराजवळ तोंड आणून हळूच म्हणालीस, "उठला रे." थोड्या वेळाने, "अरे, आहेस का आत? उचल त्याला." मग हात सपाट दारावर ठेवलास. "उचल रे. असं करू नकोस. लहान आहे तो. उचल."

पाळणा माझ्यापासून सहा पावलांवर होता. मी गेलो नाही. तुला ऐकू यावं म्हणून गेलो नाही. मी तुझ्या चेहऱ्याकडे भिंगातून बघत होतो आणि मागे माझा मुलगा रडत होता. मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. चार मिनिटं झाल्यावर तू पिशवी उचललीस आणि खाली गेलीस. तू गेल्यावर मी त्याला उचललं. त्याचे कान आतपर्यंत ओले झाले होते. त्याने माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ती असती तर तिने दार उघडलं असतं. तुझ्यासाठी नाही, पण उघडलं असतं.

काल मी केंद्रामागच्या गल्लीतलं पाळणाघर बघून आलो. बाईंचा आवाज मोठा आहे, हातांना साबणाचा वास येतो, आणि बोलताना त्यांच्या कडेवर सतत कोणीतरी असतं. मी विचारलं, झोपेची वही ठेवता का?

"बारा पोरं आहेत हो माझ्याकडे. वही कोण ठेवतंय? उठलं की उचलायचं."

"कॅमेरा आहे?"

"नाही, आणि लावूही देणार नाही. पाळणाघर आहे, बँक नाही."

"मी जवळच असतो. मध्ये कधी येऊन काचेतून बघितलं तर चालेल?"

"नाही. आई असो, बाप असो, आजी असो. सकाळी दारात द्यायचं, संध्याकाळी दारातून न्यायचं. बघणारं माणूस दिसलं की पोरं बिथरतात."

मी तिथेच नाव घातलं.

तीस तारखेच्या आत उत्तर देतो म्हणालो होतो, ते हे. तू येऊ नकोस. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तो तिथे राहील, तुझ्यापासूनही लांब आणि माझ्यापासूनही. उरलेले चौदा तास त्याला माझ्याशिवाय कोणी नाही. त्यावर मला काही सुचलेलं नाही.